आमच्या अपार्टमेंटची रेन गार्डन : दोन पावसाळ्यांनंतरचा रिव्ह्यू (करून घेणार असाल तर आधी कंपोस्ट बघा)

दोन पावसाळे बघितल्याशिवाय काही लिहायचं नाही असं ठरवलं होतं म्हणून एवढा उशीर झाला. गेल्या दीड वर्षात ओळखीतल्या निदान दहा-बारा जणांनी विचारलं असेल, की तुमच्या दारात ते खड्ड्यातलं बागेसारखं काय केलंय, खर्च किती आला, करून घेऊ का. ती रेन गार्डन, म्हणजे गच्चीवरचं पावसाचं पाणी पोटात घेऊन गाळणारी आणि जिरवणारी खोलगट बाग. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकतो, चांगलं पण आणि वाईट पण.

आमची १२ फ्लॅटची अपार्टमेंट आहे, कोल्हापुरात देवकर पाणंदीच्या बाजूला. पाणंद म्हणजे मुळात शेताला जायची वाट, म्हणजे हा सगळा भाग एकेकाळी उसाचा, आणि फरशी-पेव्हरच्या खाली अजून तीच काळी माती आहे जी उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि पावसाळ्यात फुगून बसली की वरून पाणी आत घेतच नाही. गच्चीचे चार पाइप थेट पार्किंगमध्ये सोडलेले होते. वळवाचा एक जोरदार पाऊस झाला की अर्ध्या तासात गाड्यांच्या चाकांना पाणी, तिथून ते रस्त्यावर, रस्त्यावरून समोरच्या बंगल्याच्या गेटात, आणि शेवटी गटारातून नाल्यात, नाल्यातून पंचगंगेत. सोबत पार्किंगमधलं ऑइल, धूळ, कुत्र्यांची घाण, सगळं. आपण पुराच्या दिवसांत पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी तासातासाला बघतो, ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे कोल्हापुरात शाळेतल्या पोरालाही पाठ आहे, पण आपल्याच दारातलं पाणी किती वेगानं नाल्यात जातंय हे मी तरी कधी बघितलं नव्हतं.

एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगतो, असली बाग केल्यामुळे पंचगंगेचा पूर थांबत नाही. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं, त्यामागे धरणांचे विसर्ग, घाटमाथ्यावरचा पाऊस, खाली कृष्णेची फुग (म्हणजे मागं तुंबणारं पाणी) अशी मोठी कारणं असतात, तिथं आपल्या दारातल्या वाफ्याचं काय चालणार. ही बाग कामाला येते ती गल्लीतलं तुंबणं कमी करायला, पाणी थोडं दमानं सोडायला आणि त्यातली घाण वाटेत अडवायला. हे काम करणारा कुणी "पूर अडवतो" म्हणून विकत असेल तर त्याच्याकडून घेऊ नका. आम्ही ज्यांच्याकडून करून घेतलं त्यांनी हे पहिल्या भेटीतच सांगितलं, आणि माझा विश्वास बसला तो तिथंच.

तीन तरुणांची टीम आहे, दोघं सिव्हिलवाले आणि एक अ‍ॅग्रीचा. नाव इथं टाकत नाही, कारण एक मोठी तक्रार लिहायची आहे आणि ती त्यांनी नंतर पूर्ण निस्तरली, त्यामुळे अर्धंच वाचून कुणी त्यांचं वाईट बोलायला नको.

पहिल्या दिवशी आले ते टेप, पहार आणि बादली घेऊन. कंपाउंडच्या कडेला जिथं जास्वंद होती तिथं एक फूट खोल खड्डा काढला, पाण्यानं भरला, ते जिरू दिलं आणि परत भरून पट्टी उभी करून ठेवली. माझ्या मुलीची शाळेची पट्टी होती ती. सकाळी नऊला भरलेलं पाणी संध्याकाळी सहाला बघितलं तर जेमतेम दोन इंच उतरलेलं. त्यांनी सांगितलं की तासाला अर्धा इंच तरी उतरलं तर नुसती माती सुधारून भागतं, त्यापेक्षा कमी असेल तर खाली पाइप घालावा लागतो. आमचं तासाला पाव इंचसुद्धा नव्हतं. ही टेस्ट कुणीही फुकटात घरी करू शकतं, आणि जो माणूस ही टेस्ट न करताच कोटेशन देतो त्याला चहा पाजून परत पाठवा.

हिशोब पण त्यांनी सगळ्यांसमोर पार्किंगमध्ये खडूनं मांडला, तो मला फार आवडला. १००० स्क्वेअर फूट गच्चीवर एक इंच पाऊस पडला की साधारण २३५० लिटर पाणी होतं. आम्ही चारपैकी दोन पाइप घ्यायचे ठरवले, त्यांच्याखाली येणारी गच्ची तेवढीच, हजाराच्या आसपास. बाग २० फूट लांब आणि ६ फूट रुंद, वर सहा इंच पाणी साठेल अशी खोलगट. म्हणजे नुसतं वर साठणारं पाणीच १७०० लिटर झालं, आणि खाली दीड फूट जी तयार केलेली माती आहे तिच्या पोकळीत आणखी हजारभर लिटर मावतं. म्हणजे इंचभर पाऊस आरामात पोटात. आमच्या वॉचमन मामांना पण ते समजलं, आणि आता दर पावसाला तेच येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावून सांगतात.

बांधकाम थोडक्यात सांगतो. इमारतीच्या पायापासून दहा फूट अंतरावर चर काढला, जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीपासून तर त्याहून लांब. तळाला सहा इंच पाऊण इंची खडी, त्यात चार इंची भोकं पाडलेला पीव्हीसी पाइप, त्याचं तोंड गटाराच्या चेंबरला. खडीवर बारीक चिप्सचा थर, आणि त्यावर ती दीड फूट माती. गच्चीचं पाणी जिथं पडतं तिथं मोठे दगड रचले म्हणजे धार थेट मातीवर पडून खड्डा पडत नाही. आणि सहा इंचाच्या वर पाणी गेलं तर बाहेर जायला उभा ओव्हरफ्लो पाइप, वर जाळीची टोपी. हे सगळं व्यवस्थित झालं, लेव्हल बरोबर, चेंबरचं प्लास्टर बरोबर, यात मला एकही खोट सापडली नाही.

आता मुख्य गोष्ट. या सगळ्यात दिसायला पाइप, खडी, फुलं असतात पण खरं काम करते ती माती, आणि त्या मातीत काम करतं ते कंपोस्ट. नुसती वाळू टाकली तर पाणी झरझर निघून जाईल पण घाण काहीच अडणार नाही आणि झाडं वाळतील. नुसती काळी माती म्हणजे डबकं. चांगलं मुरलेलं कंपोस्ट मातीच्या कणांना एकत्र धरून भुरभुरीत करतं, मधे पोकळ्या राहतात, गांडुळं येतात, मुळं खोल जातात, म्हणून पाणी आत शिरतं आणि नंतर ओलही टिकते. शिवाय पाण्यातलं ऑइल आणि शिसं-जस्त असल्या धातूंचे अंश कंपोस्टमधल्या ह्युमसला, म्हणजे पूर्ण कुजलेल्या काळ्या भागाला, चिकटून राहतात आणि ऑइल तर तिथले जिवाणू हळूहळू खाऊन टाकतात. म्हणून जगभर पावसाच्या पाण्यासाठी जे ग्रीन इन्फ्रास्ट्रक्चर (माती-झाडांनी पाणी अडवायची व्यवस्था) करतात त्यात कंपोस्ट असतंच. अमेरिकेत मेरीलँडच्या प्रिन्स जॉर्जेस काउंटीत १९९० च्या सुमाराला घराघरापुढे अशा बागा सुरू झाल्या, आणि तिकडच्या वॉशिंग्टन राज्यात तर नवीन बांधकाम झालं की झाडांच्या वाफ्यातल्या मातीत १० टक्के आणि लॉनमध्ये ५ टक्के सेंद्रिय पदार्थ, तेही ८ इंच खोलीपर्यंत, असा स्टँडर्ड आहे. आपल्याकडे बिल्डर काम संपलं की राडारोड्यावर दोन इंच लाल माती पसरतो आणि वर लॉनची चादर अंथरतो, ती माती पेव्हरएवढीच घट्ट असते.

तर आमचं काम २०२४ च्या एप्रिलमध्ये सुरू झालं, आणि घोळ झाला तो इथंच. टीमनं कंपोस्ट एका सप्लायरकडून मागवलं, पन्नास किलोची २८ पोती. प्रमाण ठेवलं होतं वाळू ६० आणि कंपोस्ट ४०. हे प्रमाण त्यांनी मनानं काढलेलं नव्हतं, त्या वॉशिंग्टन राज्याच्याच जुन्या मॅन्युअलमध्ये वाळू ६० ते ६५ आणि कंपोस्ट ३५ ते ४० टक्के असं दिलेलं आहे. पोती उतरवली त्या दिवशी माझे चुलते गावाकडून आले होते, त्यांची सगळी हयात उसात गेली. त्यांनी एक पोतं सोडलं, कोपरापर्यंत हात आत घातला, बाहेर काढून वास घेतला आणि म्हणाले, "पोरांनो, हे अजून शिजतंय. हात घालून बघा, आत ऊन ऊन लागतंय. असलं खत उसाला घातलं की हुमणी येतीया, ठाऊक हाय न्हवं?" हुमणी म्हणजे मुळं खाणारी अळी. टीममधला एकजण म्हणाला, "काका, लॅब रिपोर्ट आहे आमच्याकडं." चुलते पुढं काही बोलले नाहीत, हात धुतले आणि चहा घेतला. मीही गप्प बसलो, आणि ती माझी चूक होती. नंतर कळलं की तो रिपोर्ट सप्लायरनं दिलेला होता आणि आधीच्या कुठल्यातरी लॉटचा होता.

मे महिन्यात पहिला वळीव आला. आम्ही सगळे गॅलरीत उभे, पोरं छत्र्या घेऊन खाली. पाणी दगडांवर पडलं, बागेत पसरलं, आत शिरलं, टाळ्या वगैरे झाल्या. अर्ध्या तासानं चेंबरमधल्या पाइपातनं जे पाणी यायला लागलं ते बिनदुधाच्या चहासारखं काळं-तपकिरी. समोरच्या बंगल्यातले काका छत्री धरून आले, "हे काळं पाणी कुठलं वो? ड्रेनेज फुटलं का काय तुमचं?" काय सांगायचं तेच कळेना. एका काचेच्या बाटलीत ते पाणी भरून मी जिन्याच्या कठड्यावर ठेवलं, रात्रभर ठेवूनही रंग खाली बसला नाही, म्हणजे तो गाळ नव्हता, विरघळलेला माल होता. सकाळी बूच काढलं तर गोठ्यासारखा उग्र वास. आठवड्यात रोपांची पानं पिवळी पडली, दोन तर मुळातून सडली.

ज्यांना वाटतं की खताचंच पाणी आहे, गेलं तर गेलं, त्यांनी रंकाळा तलाव आठवावा. पाण्यात नायट्रोजन-फॉस्फरस जास्त झालं की काय होतं हे कोल्हापूरकराला कुणी शिकवायला नको, हिरवा तवंग आणि त्याचा तो वास आपण संध्याकाळी रंकाळ्यावर फिरायला जाऊन अनुभवलाय, पंचगंगेतलं केंदाळ, म्हणजे जलपर्णी, पण बघितलंय. पाणी स्वच्छ करायला म्हणून बाग केली आणि तिनंच केंदाळाला खत पोचवलं तर ते कसलं काम! मी त्या दिवसांत बरंच वाचलं, तर हा प्रॉब्लेम जगभर माहीत आहे. कंपोस्ट जास्त असलं किंवा कच्चं असलं की त्यातलं नायट्रेट, फॉस्फरस आणि थोडं तांबंसुद्धा पाण्याबरोबर खाली उतरतं, पहिल्या काही पावसांत सगळ्यात जास्त. त्याच वॉशिंग्टन राज्यानं पुढे जिथं पाणी फार नाजूक आहे अशा ठिकाणांसाठी वेगळं मिश्रण आणलं, ७० टक्के वाळू, २० टक्के कोकोपीट आणि १० टक्के बायोचार (एक प्रकारचा कोळसा), म्हणजे कंपोस्ट मुख्य मातीत नाहीच.

मी टीमला फोन केला, बाटली दाखवली. इथं त्यांना पूर्ण मार्क. वाद घातला नाही, सप्लायरवर ढकललं नाही, दुसऱ्या दिवशी तिघंही आले आणि स्वतःच मान्य केलं की कंपोस्ट कच्चं होतं आणि प्रमाणही आपल्या पावसाला जास्त होतं, कारण आपल्याकडं वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये येतो आणि तो एवढा धुतो की मातीत जे सुटं आहे ते सगळं खाली जातं. सगळी माती बाहेर काढली, स्वतःच्या खर्चानं. ती शेजारच्या प्लॉटवर ताडपत्रीखाली मुरायला ठेवली आणि दिवाळीनंतर आम्हीच कुंड्यांना वापरली, वाया गेली नाही. नवीन मिश्रण केलं ६० टक्के धुतलेली क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू), २० टक्के चाळलेली माती आणि २० टक्के कंपोस्ट. म्हणजे कंपोस्ट अर्धं झालं, १४ पोती, आणि वाळू लागली एक ब्रासला थोडी जास्त. क्रश सँड धुतलेलीच घ्या, न धुतलेलीत जी भुकटी असते ती खाली बसून सगळं चोक करते.

दुसऱ्या वेळी कंपोस्ट घ्यायला मी आणि चुलते दोघं टीमबरोबर गेलो. काय बघायचं ते आता मला पाठ झालंय, तुम्हीही बघा. ढिगात कोपरापर्यंत हात घातला तर आत गरम लागता कामा नये. वास पहिल्या पावसाच्या मातीसारखा यायला पाहिजे, अमोनियासारखा नाकाला झोंबला तर नको. मूठभर ओलसर माल प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून तीन दिवस बंद ठेवायचा, पिशवी फुगली किंवा उघडल्यावर कुजका वास आला तर माल अजून कच्चा. आणि सगळ्यात सोपं म्हणजे मेथी. एका वाटीत नुसती माती, एका वाटीत अर्धी माती अर्धं कंपोस्ट, दोन्हीत मोजून वीस-वीस दाणे टाकायचे, चार-पाच दिवसांत कंपोस्टवाल्या वाटीत दाणे कमी उगवले किंवा कोंब जळाल्यासारखे दिसले तर ते कंपोस्ट घेऊ नका. आम्ही हे घरी खिडकीत केलं, पहिल्या लॉटचं उरलेलं अर्धं पोतं होतं म्हणून तेही लावलं, तर त्यात वीसपैकी सात उगवले आणि नवीन मालात अठरा. मुलीनं वहीत लिहून ठेवलंय.

कागद मागायचाच असेल तर त्याच लॉटचा मागा. आपल्याकडं खत नियंत्रण आदेश १९८५ मध्ये सिटी कंपोस्टचे, म्हणजे शहरातल्या कचऱ्याच्या कंपोस्टचे, निकष दिलेत, त्यात कार्बन-नायट्रोजनचं प्रमाण २० च्या खाली, ९० टक्के माल ४ मिलिमीटरच्या चाळणीतून पडला पाहिजे आणि क्षारता म्हणजे ईसी ४ च्या वर नको. रेन गार्डनला हे तिन्ही उपयोगी आहेत. प्लास्टिकचे तुकडे, काचा, बॅटरीचे सेल दिसले तर कागद कितीही चांगला असू दे, पोती उतरवून घेऊ नका. ओल्या कचऱ्यात सुका मिसळला की हे होतंच, म्हणून घरात वेगळं करणं किती महत्त्वाचं आहे ते मला तिथल्या ढिगाजवळ उभं राहिल्यावर समजलं. कुणाच्यातरी स्वयंपाकघरातली शाम्पूची पुडी कुणाच्यातरी बागेत निघते.

आपल्या जिल्ह्यात साखर कारखान्यांमुळे प्रेसमडचं (उसाचा रस गाळून उरलेल्या मळीचं) कंपोस्ट पण भरपूर मिळतं आणि स्वस्त मिळतं. शेताला ते फार चांगलं आहे, चुलते वापरतात. पण त्यात फॉस्फरस चांगलाच असतो, उसाला तोच पाहिजे असतो, आणि आपल्याला या बागेत नेमका तोच कमी पाहिजे. म्हणून आम्ही पालापाचोळ्याचं आणि भाजीपाल्याचं कंपोस्ट घेतलं. थोडं महाग पडलं पण ते बरोबर होतं.

आता पावसात काय झालं ते. मातीचं दुसऱ्यांदा काम मेच्या शेवटी संपलं आणि जूनच्या पहिल्या जोरदार सरीला मी परत तीच बाटली घेऊन चेंबरपाशी. पहिलं पाणी हलकं पिवळसर, तिसऱ्या-चौथ्या पावसापासून स्वच्छ. बागेत सहा इंच भरलेलं पाणी सव्वादोन तासांत पूर्ण उतरलं, पट्टी लावून मोजलेलं आहे. पार्किंगमध्ये त्या बाजूला एकदाही चाकाला पाणी लागलं नाही, दुसऱ्या बाजूचे दोन पाइप अजून तसेच आहेत तिथं नेहमीसारखं तुंबलं, त्यामुळे फरक डोळ्यांसमोर आहे.

पण जुलैतल्या झडीत गोष्ट वेगळी असते. २०२४ च्या जुलैत पंचगंगेनं धोक्याची पातळी ओलांडली तेव्हा आठ-दहा दिवस पाऊस थांबलाच नव्हता, अशा वेळी माती पूर्ण भरलेली असते, ती नवीन पाणी साठवून ठेवू शकत नाही, जे येतं ते गाळून खालच्या पाइपानं सोडत राहते. तुंबलं नाही, पण "सगळं पाणी जमिनीत मुरवलं" असंही म्हणता येणार नाही. खरा फायदा वळवाला, मृगाच्या सरींना आणि परतीच्या पावसाला, म्हणजे जेव्हा थोड्या वेळात धो धो येतो आणि मधे उघडीप असते तेव्हा. २०२५ ला तर मे महिन्यातच मान्सून येऊन धडकला, गटारं साफ व्हायच्या आधीच, त्या आठवड्यात या बागेनं जे काम केलं ते बघून सोसायटीतले जे दोघं वर्गणीला कुरकुरत होते त्यांनी स्वतःहून पैसे आणून दिले.

डासांची सगळ्यांना भीती होती, तळमजल्यावरच्या आजींनी तर मीटिंगमध्ये उभं राहून विरोध केला होता, त्यांच्या नातवाला डेंग्यू होऊन गेलेला. त्यांची भीती खरी होती. पण डासाच्या अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस साचलेलं पाणी लागतं, आणि इथं पाणी काही तासांत जातं. झडीतसुद्धा पाणी खेळतं असतं. आजी आता सकाळी तिथंच खुर्ची टाकून बसतात. एकच काळजी घ्या, ओव्हरफ्लोच्या टोपीत किंवा चेंबरच्या तळाला पाणी साचून राहत नाही ना ते आठवड्याला बघा.

झाडांची निवड मात्र टीमची कच्ची आहे. शोभेची रोपं दिली होती, त्यातली निम्मी उन्हाळ्यात गेली. या बागेत चार महिने पाय पाण्यात आणि एप्रिलमध्ये खडखडीत कोरडं, दोन्ही सोसणारं झाड पाहिजे. आम्ही नंतर आमच्या मनानं मधल्या खोल भागात वाळा आणि कर्दळ लावली, पाणी पडतं तिथं अळू, कडेला रेन लिली. वाळ्याची मुळं सरळ खाली जातात आणि मातीला वाट पाडून देतात. अळू तुम्ही लावलंत तर शोभेपुरतंच ठेवा, पार्किंगचं पाणी तिथून जातं, त्याची भाजी करू नका.

दुसऱ्या पावसाळ्याच्या सुरुवातीला बाग जरा मंदावली, सव्वादोन तासांचे साडेतीन झाले. कारण शेजारच्या प्लॉटवर बांधकाम सुरू झालं आणि तिथला मुरूम-चिखल वाहून आमच्याकडं यायला लागला. टीमला सांगितलं तर त्यांनी कांद्याच्या जाळीच्या पोत्यांचं कापड शिवून वीतभर जाडीच्या लांब पिशव्या केल्या, त्यात चाळणीवर उरलेलं जाड कंपोस्ट आणि लाकडाचे तुकडे भरले आणि हद्दीवर अजगरासारख्या आडव्या टाकल्या, खाली जमिनीला घट्ट टेकवून खुंट्या मारल्या. बाहेरच्या देशांत रस्त्याच्या कामांवर असल्या कंपोस्टच्या नळ्या सर्रास वापरतात. यात बारीक कंपोस्ट भरायचं नसतं, जाडच पाहिजे, नाहीतर पाणी पलीकडं जातच नाही आणि वरून उडी मारतं. एका महिन्यात पिशवीच्या मागे चार बोटं चिखल साठला, आणि अलीकडं येणारं पाणी बऱ्यापैकी नितळ. मला तर ही पिशवी बागेएवढीच भारी वाटली, आणि खर्च किरकोळ. कोल्हापुरात प्रत्येक बांधकामाच्या हद्दीवर ही सक्तीची करावी असं माझं प्रामाणिक मत आहे, आपली अर्धी गटारं बांधकामाच्या चिखलानंच भरतात.

बागेचा वरचा इंचभर थर खुरप्यानं काढून टाकल्यावर पाणी परत अडीच तासांवर आलं. देखभाल एवढीच, पण ती करावी लागते, आणि टीमनं ती लिहून दिली नव्हती, ही माझी दुसरी तक्रार. मेमध्ये वरचा गाळ काढायचा, दगडांमधला पाला उचलायचा, ओव्हरफ्लोची जाळी बघायची. वर आच्छादन म्हणून आम्ही पहिल्या वर्षी बगॅस (उसाचं चिपाड) टाकलं, ते पहिल्याच पावसात तरंगून जाळीत अडकलं, आता जाड सालपट टाकतो, ते बसून राहतं. आणि दरवर्षी वरून कंपोस्ट ओतायचा मोह होतो, नवीन पोतं आलं की वहिनी लोक म्हणतातच "टाका की दोन घमेली, फुलं चांगली येतील." नाही टाकायचं. कुंड्यांना घाला, आंब्याला घाला, इथं नको. इथं पाला कुजून जे होतं तेवढं पुरतं.

खर्च एकूण ४८ हजार आला, म्हणजे फ्लॅटमागे ४ हजार, त्यात कंपोस्टचा वाटा फार नाही, सगळ्यात जास्त खुदाई आणि वाळू. माझ्याकडून टीमला पाचपैकी चार. एक मार्क कापला तो पहिल्या कंपोस्टचा आणि झाडांचा मिळून. चूक झाल्यावर ज्या पद्धतीनं ते उभे राहिले त्यासाठी मी त्यांना परत बोलावणार हे नक्की.

किंबहुना बोलावलंच आहे. येत्या एप्रिलमध्ये उरलेले दोन पाइप आणि मागची बाजू करायची आहे, कोटेशन आलंय, यावेळी त्यात झाडांची यादी आम्ही लिहून दिली आणि देखभालीचा कागद त्यांनी जोडलाय. कंपोस्टच्या रकान्यापुढं त्यांनीच लिहिलंय, "माल ग्राहकाने तपासल्यावरच उतरवला जाईल". चुलत्यांना फोन करून तारीख सांगितली आहे, ते आदल्या दिवशी मुक्कामाला येणार आहेत.